सगळ्यांवर सारखा संशय

भिंगारदिवे मॅडमसमोर आलेखाचा कागद ठेवला की त्या रेषेकडे बघतच नसत. आधी खालचे आकडे बघायच्या, मग बाजूचे, मग कागद डोळ्यांजवळ नेऊन एकेक ठिपका. ठिपके रेषेवर नीट बसलेले असले की त्यांचा चेहरा उतरायचा.

"इतकं सरळ?" त्या विचारायच्या. "लोखंडावर लोखंड घासतंय, का कवायत करतंय?"

पोरं मान खाली घालायची. कारण बहुतेकांनी सुरुवातीची रीडिंगं खरी घेतलेली असायची आणि उरलेली हॉस्टेलवर बसून जुळवलेली असायची. मॅडम रागवायच्या नाहीत. कागद परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "जा, वाकडं काढून आणा."

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज नगरच्या बाहेर, माळावर. मी मेकॅनिकल विभागात शिकवायला लागलो तेव्हा मॅडम तिथं चांगल्याच मुरलेल्या होत्या. पीएच.डी. झालेल्या, वंगणशास्त्र हा विषय. दोन धातू एकमेकांवर घासले की काय होतं, कोण आधी झिजतं, मध्ये तेल घातलं तर ते तेल नेमकं काय करतं, यातच त्यांचं आयुष्य गेलं. तळमजल्याच्या टोकाला त्यांची प्रयोगशाळा. तिथं एक फिरती पोलादी चकती आणि तिच्यावर वजनानं दाबून धरलेली बोटाएवढी धातूची कांडी, असं यंत्र होतं. चकती फिरते, कांडी झिजते, घर्षण किती झालं ते पडद्यावर उमटतं. मॅडम त्या पडद्याकडे पाठ करून बसायच्या आणि यंत्राचा आवाज ऐकायच्या. "पडदा खोटं बोलू शकतो," म्हणायच्या. मग थोड्या वेळानं, "कान पण बोलू शकतो. म्हणून दोन्ही."

पोरांनी त्यांचं नाव 'शंका मॅडम' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी ते लिहून ठेवलं, तर त्यांनी पुसलं नाही. 'शंका' वरचा अनुस्वार फिकट झाला होता तो खडूनं ठळक केला आणि शिकवायला सुरुवात केली.

त्यांच्या संशयाला स्थळकाळ नव्हता. कँटीनच्या वड्याचं तेल बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळून बघायच्या आणि तो वडा खायचा की नाही ते ठरवायच्या. रिक्षात बसल्या की रिक्षाच्या क्लचबद्दल रिक्षावाल्याला चार प्रश्न विचारायच्या. साडीच्या दुकानात पदर दोन बोटांत धरून एकमेकांवर घासायच्या आणि दुकानदाराकडे अशा बघायच्या की तो आपणहून म्हणायचा, "मिक्स आहे मॅडम, प्युअर नाही." मात्र गंमत अशी की त्यांच्या प्रयोगशाळेला कुलूप नसायचं. विभागप्रमुखांनी यावरून दोनदा नोटीस काढली. मॅडमचं म्हणणं एवढंच, की कुलूप लावलं की माणूस निर्धास्त होतो आणि मग आत काय चाललंय ते बघायचं सोडतो.

एकदा बाहेरून आलेल्या एका परीक्षकांना शनिशिंगणापूरला जायचं होतं. गाडीत मी, मॅडम आणि ते. मॅडम देवळात आल्या नाहीत. त्यांच्या घरात ती पद्धत नव्हती. बाहेर एका दुकानाच्या बाकावर आमच्या चपला सांभाळत बसल्या. परत येताना परीक्षक भारावून गेले होते. घरांना दारं नाहीत, काय हा विश्वास, असं पुनःपुन्हा म्हणत होते. मॅडमनी खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, "विश्वास कसला सर, इथं पहारेकरीच केवढा मोठा ठेवलाय." परीक्षक घोडेगाव येईपर्यंत गप्प बसले.

त्यांचा संशय दर वेळी खरा ठरायचा असंही नाही. मी नवी गाडी घेतली, तेव्हा पहिल्याच फेरीत त्या म्हणाल्या, "गाडेकर, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बोलतंय." मला काही ऐकू येत नव्हतं, पण त्यानंतर दुसरं काही ऐकू येईना. गॅरेजमध्ये चाक उतरवलं, बेअरिंग काढलं, बघितलं. ते ठणठणीत होतं. शेवटी मेकॅनिकनं मागच्या सीटखालून माझ्या मुलीची पाण्याची स्टीलची बाटली काढून हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी जरा रागानंच मॅडमना सांगितलं. त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही.

"मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या. "काल तुम्हाला वाटत होतं बेअरिंग चांगलं आहे. आज माहीत आहे."

ही अशी बाई. हे सगळं हसण्यावारी न्यायचं, असंच आमचं विभागात चालायचं. मग तो कारखान्याचा प्रकार झाला.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याची गिरणी ऐन हंगामात बंद पडली. नाव घेत नाही. ते लोक अजून तिथंच आहेत. उसाचा रस काढणारे जे अवजड रोलर असतात, त्यांचे दांडे ब्राँझच्या बेअरिंगमध्ये फिरतात आणि त्यांना सतत तेल लागतं. एका रोलरची बेअरिंगं तापली, धूर निघाला, आणि उघडून बघितलं तर पार खाल्ली गेलेली. आवारात उसानं भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उभ्या, ऊस वाळत चाललेला, शेतकरी तापलेले. कुणीतरी जबाबदार हवं होतं. आणि ते लगेच सापडलं.

त्या पाळीला तेल घालायचं काम हमीद शेख यांच्याकडे होतं. कारखान्यात या माणसाला ऑइलमन म्हणतात. हमीदभाईंचं आणि शिफ्ट इंजिनिअरचं आधल्याच आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. भांडणात हमीदभाई म्हणाले होते, "तुमची गिरनी कशी चालती ते बघतोच." झालं. बेअरिंगमध्ये वाळू टाकली, असा बोभाटा झाला. काहींनी त्यात हमीदभाईंचं आडनाव आणि धर्म पण घातला, आणि मग ती बातमी मोबाईलवरून गावोगाव फिरली. कारखान्यानं त्यांना घरी बसवलं. पोलिसांत द्यायच्या आधी तज्ज्ञाचं मत लेखी घ्यावं, असं कारखान्याच्या वकिलानं सुचवलं म्हणून चीफ इंजिनिअरचा आमच्या कॉलेजला फोन आला.

मॅडम म्हणाल्या, "गाडी तुमची घ्या. बाटली काढून ठेवा."

दौंड रस्त्यानं जाताना त्या फारसं बोलल्या नाहीत. अर्ध्या वाटेत त्यांनी अचानक वडिलांची गोष्ट सांगितली. ते भिंगारला लष्कराच्या एका वर्कशॉपात फिटर होते. संध्याकाळी सुटी झाली की गेटवर झडती व्हायची. बाकीच्यांची कधी व्हायची, कधी नाही. यांची रोज व्हायची. वर्कशॉपातलं काही हरवलं की आधी यांचाच डबा उघडायचा. शेवटी शेवटी तर ते गेट यायच्या आधीच डब्याचं झाकण काढून हातात धरायचे.

"मला त्याचा फार राग यायचा," मॅडम म्हणाल्या. "पहारेकऱ्याचा नाही. अण्णांचा. मी म्हणायची, डबा उघडा ना, बिनधास्त उघडा, पण म्हणा की मागच्याचा पण उघडा."

मग त्यांनी पर्स उघडून आत भिंग आहे ना ते बघितलं.

कारखान्यात गेल्यावर चीफ इंजिनिअर साहेबांनी आमच्यापुढं सरबत ठेवलं आणि निकालही ठेवला. "वाळूचीच केस आहे मॅडम. तुम्ही फक्त बघून घ्या आणि दोन ओळी द्या."

"वाळू कुणी पाहिली?"

"पाहिली नाही. पण दुसरं काय असणार?"

"ते मला माहीत नाही. म्हणून तर आले."

बेअरिंगचे तुकडे एका शेडमध्ये पोत्यावर ठेवले होते. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, पर्समधून भिंग काढलं आणि चक्क जमिनीवर मांडी घालून बसल्या. बोटाचं टोक ब्राँझवर हळू हळू फिरवत गेल्या, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसं. बराच वेळ. चीफ इंजिनिअर दोनदा घड्याळ बघून गेले.

"गाडेकर, या इथं." मी वाकलो. ब्राँझ काळपट पडलं होतं आणि त्याच्यावर बारीक बारीक खळगे होते, देवीचे व्रण असावेत तसे. "वाळू गेली की ओरखडे पडतात. आणि ओरखड्याला दिशा असते, दांडा ज्या बाजूला फिरतो त्या बाजूची. या खळग्यांना दिशाच नाही."

माझ्या तोंडून सुटकेचा सुस्कारा गेला असावा. कारण त्यांनी लगेच दुसरा तुकडा माझ्यापुढं सरकवला.

"आणि इथं आहेत ओरखडे. हे बघा. लांब, सरळ, दिशेत."

चीफ इंजिनिअर पुढं आले. "म्हणजे वाळूच!"

"म्हणजे ओरखडे," मॅडम म्हणाल्या. "वाळूचे की कशाचे, ते बघायचंय. हे तुकडे मी नेते. वापरलेलं तेल द्या. आणि न फोडलेला एक ड्रम दाखवा, त्यातलं पण द्या."

"नवीन तेलाचा काय संबंध? एक नंबर तेल आहे. याच सीझनला चालू केलंय. कंपनीच्या माणसानं इथं टेबलावर मशीन लावून दाखवलंय सगळ्यांना."

"तुम्ही हमीद शेखांवर संशय घेतलाय, माझी हरकत नाही. पण मग तेलावर पण घ्या, पंपावर पण घ्या, रोलर बसवणाऱ्यावर पण घ्या. आणि मी हे तुकडे कॉलेजात नेऊन काय करते यावर पण घ्या. तुमचा माणूस माझ्याबरोबर पाठवा, समोर बसू दे."

माणूस कुणी पाठवला नाही. पण आम्ही निघालो तेव्हा चीफ इंजिनिअरचा चेहरा सरबत देतानाच्यासारखा राहिला नव्हता.

त्यानंतरचे दिवस विभागात विचित्र गेले. मॅडम प्रयोगशाळेतून बाहेर येईनात. कारखान्याचे फोन प्राचार्यांना यायला लागले. कारखान्याशी संबंध चांगले राहावेत असं प्राचार्यांना वाटत होतं, ते साहजिकच होतं. मग कुणीतरी बातमी आणली, की भिंगारदिवे मॅडम कारखान्याला आधी तेल पुरवणाऱ्या कंपनीच्या एजंटाबरोबर एमआयडीसीत दिसल्या. त्याच्याच गाडीत बसून गेल्या. स्टाफरूममध्ये लोक आवाज खाली आणून बोलू लागले. मॅडमनी जुन्या कंपनीची सुपारी घेतली, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "तसं नाही, त्या ऑइलमनसाठी करतायत. त्यांना अशा लोकांचा पुळका." 'अशा' या शब्दावर तो जरा थांबला होता.

मला दोन्ही पटत नव्हतं, पण गाडीत बसून गेल्या हे खरं होतं. मी सरळ जाऊन त्यांना विचारलं.

मॅडमनी हातातलं काम खाली ठेवलं. मला वाटलं आता चिडतील. त्या खुश झाल्या होत्या!

"बरं केलंत विचारलंत. मनात ठेवून चहा प्यायला असतात ना, तर मला राग आला असता." मग त्यांनी कपाटावरचा एक डबा दाखवला. "कारखाना आधी जे तेल वापरायचा ते मला ताजं हवं होतं, तुलनेला. त्या एजंटकडं होतं. रिक्षा मिळाली नाही म्हणून त्याच्या गाडीत बसले. आता तुम्ही त्या एजंटला फोन करून खात्री करा."

"नको मॅडम, पटलं मला."

"एवढ्यात? मी सांगितलं म्हणून?" त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि मी फोन करेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात एका दुपारी हमीदभाई आले. सोबत त्यांच्या पत्नी, रजियाभाभी. हमीदभाई पन्नाशीचे, अंगानं वाळके, शर्टाच्या वरपर्यंत गुंड्या लावलेले. नखांत तेलाचा काळेपणा कायमचा बसलेला. मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेलो. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"मॅडम, गावात तोंड दाखवायची सोय राह्यली न्हाई," ते म्हणाले. "पोरीला कॉलेजात पोरं इचारत्यात, तुझ्या बापानं वाळू टाकली का. मी भांडलो, बोललो, ते खरंय. पन गिरनीला हात न्हाई लावला. तिच्यात वाळू टाकायची म्हंजी... आवं, इतकी वर्सं तिलाच पाजत आलो."

मॅडम ऐकत होत्या.

"तुमाला तर दिसतंय ना त्या यंत्रात. तुमी तरी म्हना, हमीदनं न्हाई केलं."

"मला अजून माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

रजियाभाभींनी पदर तोंडाला लावला. हमीदभाईंनी मॅडमकडे असं बघितलं, की मीच दुसरीकडे बघायला लागलो.

"एका तुकड्यावर ओरखडे आहेत," मॅडम पुढं म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, वर्गात शिकवतानाचा. "ते कशाचे, ते कळायचंय. वाळूचे निघाले तर मी वाळू लिहीन. नाही निघाले तर 'वाळू नाही' असं लिहीन. तोपर्यंत मी काहीच म्हणणार नाही. तुमच्या बाजूनं नाही आणि त्यांच्या पण नाही."

"व्हय," हमीदभाई म्हणाले. "म्हंजी तुमचा पन संशय हायेच."

"आहे."

ते दोघं निघून गेले. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो, तर रजियाभाभी मला म्हणाल्या, "बाईमानूस हाय म्हनून आलो हुतो, भाऊ. वाटलं, समजंल." परत आलो तेव्हा मी मॅडमवर पहिल्यांदा आवाज चढवला. एवढं कोरडं बोलायची काय गरज होती, म्हटलं. एक शब्द धीराचा दिला असता तर काय बिघडलं असतं? तुम्हाला मनातून तो माणूस निर्दोष वाटतोय, मला दिसतंय.

मॅडम टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

"वाटतंय," त्या म्हणाल्या. "त्यांना बघितल्यापासून मला तसंच वाटतंय. म्हणून तर भीती वाटते गाडेकर. चीफ इंजिनिअरला पण काहीतरी वाटतंच आहे की. माझं वाटणं त्याच्या वाटण्यापेक्षा कशानं चांगलं?"

त्या दिवशी त्या कँटीनला आल्या नाहीत. नंतर मी खालून जाताना बघितलं, तर यंत्र बंद होतं आणि त्या तशाच बसून होत्या, हात मांडीवर ठेवून.

ओरखड्यांचा उलगडा झाला तो पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली. मॅडमनी तुकडे पाठवताना हे कुठले, कशाचे, काहीच सांगितलं नव्हतं. फक्त ओरखड्यांच्या टोकाला काय रुतलंय ते बघा, असं म्हटलं होतं. ब्राँझ मऊ असतं. वाळू गेली असती तर तिचे कण त्यात रुतून बसले असते. तिथं वाळूचा एकही कण नव्हता. रुतलेले होते ते ब्राँझचेच कपचे, खळग्यांतून सुटलेले. म्हणजे आधी खळगे पडले, मग त्यातले तुकडे निघून त्यांनीच पुढं ओरखडे काढले. खळगे कशानं पडले, ते मॅडमनी आपल्याकडेच शोधलं. नव्या तेलात क्लोरीन असलेलं एक द्रव्य मिसळलेलं होतं. त्यानं दाबाखाली धातू क्षणभर छान सरकतो. पण उसाच्या गिरणीत पाणी आणि रस सतत बेअरिंगपर्यंत पोचत असतो. गरम तेलात ते पाणी मिसळलं की त्या द्रव्याचं आम्ल होतं, आणि ते ब्राँझ कुरतडत राहतं.

हे सांगायला आम्ही पुन्हा कारखान्यात गेलो. मीटिंग हॉलमध्ये चेअरमन, चीफ इंजिनिअर, काही संचालक आणि नव्या तेलाचा विक्रेता. इस्त्रीचे कपडे, हसतमुख. त्यानं आपलं छोटं यंत्र टेबलावर मांडूनच ठेवलं होतं. फिरतं चाक, त्यावर दाबून धरायची लोखंडी गोळी, आणि दाब वाढवायला लांब दांडा. आधी त्यानं साधं तेल घातलं, दांडा दाबला. कर्कश किंचाळी आली आणि चाक अडकलं. मग आपलं तेल घातलं. दांड्यावर जवळजवळ लोंबकळला, तरी चाक गुमान फिरत राहिलं. संचालकांनी माना डोलावल्या.

"आता सांगा मॅडम," विक्रेता म्हणाला, "डोळ्यांनी दिसतंय ते खोटं कसं म्हणायचं?"

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "मी एक करून बघू का?"

त्यांनी पर्समधून शाम्पूची पुडी काढली. येताना गेटसमोरच्या टपरीवर त्या गाडी थांबवायला का म्हणाल्या, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी चाक फडक्यानं स्वच्छ पुसलं, दुसऱ्यांदा पुसलं, पुसलेलं फडकं विक्रेत्याला दाखवलं, आणि पुडी फाडून शाम्पू ओतला. "दाबा तुम्हीच." विक्रेत्यानं दांडा धरायला नकार दिला. चीफ इंजिनिअर उठले आणि त्यांनी दाबला. चाक फिरत राहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी दाबला. फेस आला, पण चाक अडकलं नाही.

"मग गिरणीत उद्यापासून शाम्पू घालू या," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी दोन काचेच्या बरण्या टेबलावर ठेवल्या. दोन्हीत ब्राँझचे सारखे तुकडे, एक जुन्या तेलात, एक नव्या, दोन्हीत थोडं पाणी, दोन्ही कोमट ठेवलेल्या. जुन्यातला तुकडा पिवळा होता. नव्यातला काळा-हिरवा, खळग्या-खळग्यांचा. चेअरमननी तो चिमट्यानं उचलून खिडकीपाशी नेला. कुणी तरी विक्रेत्याकडे बघितलं, कुणी तरी एका संचालकाकडे, आणि तो संचालक आपल्या मोबाईलकडे. तेल कुणाच्या ओळखीनं आलं होतं, ते मला त्या एका नजरेत कळलं, आणि हेही कळलं की ते कधीच बोललं जाणार नाही.

"ठीक आहे," चेअरमन म्हणाले. "तेल परत पाठवू. त्या हमीदला घ्या कामावर. मिटलं."

"नाही मिटलं," मॅडम म्हणाल्या. "त्यांना घरी बसवताना तुम्ही वाळूचा आरोप कागदावर दिलात. तो खोटा निघाला हेही कागदावर द्या. आणि नोटीस बोर्डावर लावा."

"मॅडम, आता कशाला उकरून काढायचं? माणसं विसरतील."

"माणसं आरोप विसरत नाहीत. तो खोटा होता, ते विसरतात."

नोटीस लागली. मॅडम ती लागेपर्यंत कारखान्याच्या ऑफिसात बसून राहिल्या. लागल्यावर तिथं जाऊन वाचली, एक शब्द चुकला होता तो दुरुस्त करायला लावला, आणि मगच गाडीत बसल्या.

हमीदभाई कामावर परत गेले. पुढच्या हंगामात मी विद्यार्थ्यांना घेऊन कारखाना दाखवायला गेलो, तेव्हा ते ऊस टाकायच्या गव्हाणीजवळ भेटले. चहा पाजला. मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. मॅडमचा विषय मीच काढला.

"चांगल्या हायेत बाई," ते म्हणाले. "त्यांच्यामुळंच जेल चुकलं. पन सर, एक सांगतो. त्यांनी मला सोडवला न्हाई. त्यांनी तेलाला पकडला. मी आपसूक सुटलो." चहाचा ग्लास त्यांनी विसळून उपडा ठेवला. "लग्नाची पत्रिका देईन त्यांना. पन त्या दिवशीचं त्यांचं बोलनं माज्या बायकूच्या डोक्यातनं गेलं न्हाई अजून."

हे मी मॅडमना सांगितलं, जसंच्या तसं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." लग्नाला त्या गेल्या. हमीदभाईंनी मांडवाच्या दारात येऊन त्यांना नेलं. रजियाभाभी भेटल्या, बोलल्या, जेवायला वाढलं. पण ज्या बायका शेजारी बसून गप्पा मारत होत्या, त्यांत मॅडमसाठी जागा कुणी केली नाही, आणि मॅडमनी ती मागितलीही नाही.

त्यानंतर त्या निवृत्त झाल्या आणि भिंगारला आईच्या घरी राहायला गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं. गुडघे दुखतात म्हणायच्या, पण कुणा डॉक्टरचं ऐकायच्या नाहीत. शेवटी भाची मनीषा नर्सिंग करत होती, तिनं पुढाकार घेतला आणि उजवा गुडघा काढून कृत्रिम बसवायचं ऑपरेशन करून घेतलं. मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी नगरच्या त्या दवाखान्यात भेटायला गेलो.

मॅडम पलंगावर बसून होत्या. पहिल्यापेक्षा बारीक दिसत होत्या. "या गाडेकर," म्हणाल्या आणि डॉक्टरांकडून मागून घेतलेला फोटो मोबाईलवर दाखवला. गुडघ्यातून काढलेलं हाड. हाडांमधली मऊ गादी, कूर्चा, पार गेली होती आणि जिथं हाडावर हाड घासलं होतं, तिथं ते हस्तिदंतासारखं चकचकीत झालं होतं.

"बघा काय पॉलिश आलंय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "एक ओरखडा नाही."

तेवढ्यात फिजिओथेरपिस्ट आली. विशीबाविशीची, केसांचा घट्ट अंबाडा. तिनं वॉकर पुढं ओढला, मॅडमना उभं केलं आणि दाराबाहेरच्या बोळापर्यंत नेलं. मॅडम सगळा भार डाव्या पायावर आणि हातांवर घेऊन चालत होत्या.

"आता उजवा पाय पूर्ण टेकवा, मॅडम. पूर्ण भार टाका."

मॅडम थांबल्या. वॉकरचे दांडे त्यांनी घट्ट धरले होते. त्या आपल्या पावलाकडे बघत होत्या, मग गुडघ्याच्या पट्टीकडे, मग पुन्हा पावलाकडे. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, आता प्लॅस्टिक कुठलं, धातू कुठला, किती दाब सोसतो, सगळं निघणार.

"आत काय आहे, ते मला दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज इतका हळू, की मी तो त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मला पण कुठं दिसतंय, मॅडम," ती मुलगी म्हणाली आणि हसली. तिनं आपला हात त्यांच्या कोपराखाली आणला, पण लावला नाही.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. बोळाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. मग त्यांनी श्वास घेतला, वॉकरवरचा एक हात हळूच सैल सोडला, आणि उजवं पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत फरशीवर टेकवून त्याच्यावर उभ्या राहिल्या.